ताईचा मोगली : एका व्हिडिओच्या प्रकल्प नोंदी

२६ जानेवारी २०२५, रविवार, नाशिक

भाच्याला घेऊन ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ बघून आले. परवाच, २४ तारखेला, हा चित्रपट ४के होऊन पुन्हा थिएटरात लागलाय. लहानपणी केबलवर तो इतक्यांदा पाहिलाय की कुठल्या प्रसंगावर जाहिरात लागायची तेसुद्धा आठवतं. मोठ्या पडद्यावर पाहताना जीव हरखला. समुद्राच्या लाटा, लंकेतल्या खांबांवरचं नक्षीकाम, सगळं हातानं काढलेलं, हातानं रंगवलेलं. जपानी माहितीपटकार युगो साको १९८३ मध्ये उत्खननावरचा माहितीपट करायला भारतात आले, इथे त्यांना रामायण सापडलं, आणि जवळजवळ दहा वर्षांनी कोइची सासाकी आणि आपले ॲनिमेशनवाले राम मोहन यांच्या साथीनं हा चित्रपट पुरा झाला.

पण पहिल्या पाच मिनिटांतच मी अस्वस्थ झाले. चित्रं तीच होती, आवाज वेगळे होते. हिंदी डबिंग नव्यानं केलंय. माझ्या डोक्यातला रावण अमरीश पुरींच्या आवाजात बोलतो आणि राम अरुण गोविलांच्या. नव्या मंडळींनी काम मन लावून केलंय, तरी मला सारखं वाटत राहिलं की ओळखीच्या घरात गेले आणि दार अनोळखी माणसानं उघडलं. भाच्याला अर्थातच काही खटकलं नाही. त्याचा रावण आज जन्मला.

रिक्षात बसल्या बसल्या फोनमध्ये एवढंच लिहून ठेवलं : “लहानपणीची कार्टून्स. विषय चित्र नाही, आवाज.”

गेली दोन वर्षं माझ्या व्हिडिओंचे प्रेक्षक या विषयाची मागणी करतायत आणि मी टाळतेय. दहा कार्टून्सची यादी, प्रत्येकाचं शीर्षकगीत अर्धा मिनिट, शेवटी “ते दिवस गेले” असा उसासा, असे व्हिडिओ पुष्कळ आहेत. मला त्यात भर घालायची नव्हती. आज पहिल्यांदा धरायला काहीतरी टोक मिळालं.

२९ जानेवारी, पुणे

यादी केली आणि लगेच कापली.

दूरदर्शनवरचं ‘जंगल बुक’, १९९३ पासून, रविवारी सकाळी. मग ‘डकटेल्स’, ‘टेलस्पिन’. १ मे १९९५ ला, म्हणजे नेमकं महाराष्ट्र दिनाला, कार्टून नेटवर्क भारतात आलं, आधी इंग्रजीत. १९९९ पासून ते हिंदी बोलायला लागलं आणि खऱ्या अर्थानं आमच्या गावात शिरलं. पुढे ‘ड्रॅगन बॉल झी’, ‘पोकेमॉन’, २००४ मध्ये ॲनिमॅक्स हे जपानी कार्टून्सचं चॅनेल. ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ आले तोवर मी कॉलेजात होते. ते माझं बालपण नाही, त्यांच्याबद्दल त्या पोरांनी बोलावं.

‘एक अनेक और एकता’ यादीतून काढताना हात अडखळला. १९७४ ची ती छोटीशी फिल्म विजया मुळे यांची, ॲनिमेशन भीमसेन यांचं, आणि संगीत वसंत देसाईंचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या माणसाचं. फिल्म्स डिव्हिजनची. तिला चार वाक्यांत उरकणं अन्याय होईल. तिचा स्वतंत्र व्हिडिओ करायचा. वहीत वेगळं पान उघडलंय.

राहिलं एकच, ‘जंगल बुक’. एका विषयावर चौदा-पंधरा मिनिटं, आणि त्यातलं जमेल तेवढं स्वतःच्या अनुभवातलं.

मूळ मालिकेच्या क्लिप्स वापरायच्या नाहीत हेही आजच ठरवलं. समीक्षेसाठी थोडा भाग वापरायची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, पण मागच्या एका व्हिडिओवर दावा आला तेव्हा उत्तरं देण्यात तीन आठवडे गेले. आपण चित्रकला शिकलोय, तर आपणच चित्रं काढू.

२ फेब्रुवारी, रविवार, कराड

घरी आलेय. आईला विचारलं, “जुन्या कॅसेटी टाकून दिल्या का?” आई म्हणाली, “मी कशाला टाकू? माळ्यावर आहेत, तुझं तू बघ.”

पत्र्याच्या ट्रंकेत त्रेचाळीस कॅसेटी निघाल्या. बऱ्याचशा अभंग, नाट्यगीतं, भावगीतं. एकीवर बाबांच्या अक्षरात “मीटरची नोंद”, ती कशासाठी हे त्यांनाही आठवेना. आणि तळाशी, एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर, निळ्या शाईनं, शाळकरी गोल अक्षरात : “मोगली. पुसू नये.” अक्षर ताईचं.

ही कॅसेट आहे हे मी साफ विसरले होते. ती हातात घेतली आणि पाहिलं की कोपऱ्यातल्या चौकोनी भोकावर सेलोटेप चिकटवलीय. विकतच्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड होऊ नये म्हणून तिथली पट्टी तोडलेली असते. सेलोटेप लावली की टेपरेकॉर्डर फसतो आणि लाल बटण खाली जातं. म्हणजे ताईनं आजीची अभंगांची कॅसेट पळवून तिच्यावर मोगली भरला होता, टीव्हीसमोर टू-इन-वन, म्हणजे रेडिओवाला टेपरेकॉर्डर, ठेवून. आमच्याकडे व्हीसीआर नव्हता. चित्र साठवायची सोय नव्हती, म्हणून आवाज साठवला.

४ फेब्रुवारी, पुणे

घरचा टू-इन-वन उघडला. रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा झालाय, बोटाला लागला तो रॉकेलनंही सुटेना. तपकीर गल्लीत एका दुरुस्तीवाल्या काकांकडून चालू स्थितीतला डेक भाड्यानं आणला. काका म्हणाले, “आधी कॅसेटचं पॅड बघा, मगच लावा. नाहीतर टेप गुंडाळेल आणि मला शिव्या द्याल.”

पॅड खरंच गळून पडलं होतं. टेपला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा तो इवलासा तुकडा. कॅसेटला पाच स्क्रू होते, त्यामुळे उघडता आली. दुसऱ्या एका कॅसेटचं पॅड काढून बसवलं. हेड स्पिरिटनं पुसलं, कापूस तपकिरी झाला. एकदा पुढे, एकदा मागे, पूर्ण फिरवून टेप सैल केली. अजून ऐकली नाही. रात्र झालीय, घाईत तुटली तर दुसरी प्रत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

ऐकली.

पहिली आठ मिनिटं अभंग. मग खट् असा आवाज, आणि टीव्हीचा घुमणारा आवाज, शीर्षकगीताच्या मधूनच. गाण्यातला ‘चड्डी’ हा शब्द आला आणि कुणीतरी खुदकन हसलं. ती मी. सहा वर्षांची. गाण्यातल्या मला न विचारता कळणाऱ्या शब्दांपैकी तो एक, कारण तो मराठीतही तोच.

गाणं संपतं, मालिका सुरू होते, आणि मग जे ऐकू येतं त्यासाठी मी तयार नव्हते. प्रत्येक हिंदी वाक्यानंतर, अर्ध्या श्वासाच्या अंतरानं, ताईचा आवाज. ती मला सगळं मराठीत सांगतेय. “तो म्हणतोय, मी माणूस नाहीये, मी लांडगाच आहे.” “आता बघ, बघीरा चिडणार.” “गप, गप, ऐकू दे मला आधी, मग सांगते.” मोगलीचं बूमरँग आलं की ती म्हणते, “त्यानं ती वाकडी काठी मारली.”

मागे स्वयंपाकघरात कुकर. बाहेर सायकलची घंटा. आणि मधेच आजी, अगदी माईकजवळ :

“त्ये प्वार लांडग्यांत ऱ्हातंय, मग त्याला न्हाऊ कोण घालतं गं?”

“आजी, लांडगीण चाटते त्याला.”

“या बया!”

आजीला जाऊन पंधरा वर्षं झाली. तिचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही असं आम्ही धरून चाललो होतो. मी डेक बंद केला आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. मग परत येऊन शेवटपर्यंत ऐकली.

आणखी एक गोष्ट. शेरखान बोलायला लागला की ताई गप्प बसते. प्रत्येक वेळी. तो आवाज नाना पाटेकरांचा. तिथे भाषांतराची गरजच नव्हती, आम्ही दोघी श्वास रोखून बसायचो.

९ फेब्रुवारी, रविवार

तांत्रिक दिवस. टेपवरचं सगळं संगणकात ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर नोंदवून घेतलं. ताईचा आवाज जाड वाटत होता, अकरा वर्षांच्या मुलीचा वाटेना. म्हणजे वेग मंद.

आधी सोपा मार्ग धरला : टीव्हीजवळ रेकॉर्ड केल्यामुळे टेपवर विजेची घरघर आहे, ती विजेच्या फ्रिक्वेन्सीइतकी, म्हणजे ५० हर्ट्झला असायला हवी, माझ्याकडे ४७.३ वर येते, तेवढा वेग वाढवायचा. पण मग बाबांशी बोलले. आयुष्यभर वीज खात्यात काढलेला माणूस. ते म्हणाले, “त्या काळी फ्रिक्वेन्सी पन्नासवर असायची कुठे? लोड वाढला की खाली बसायची. घड्याळं मागे पडायची लोकांची.” म्हणजे ही मोजपट्टीच हललेली.

मग शीर्षकगीत घेतलं. चांगल्या प्रतीत जो तुकडा २० सेकंदांचा, तो माझ्या टेपवर २०.८ सेकंदांचा. चार टक्के फरक. १.०४ नं वेग वाढवला आणि ताई एकदम अकरा वर्षांची झाली. घरघर तपासली, ४९.२ वर येऊन थांबली. बाबांना कळवलं. त्यांचं उत्तर : “बरोबर आहे. रविवार सकाळ म्हणून तेवढी तरी होती.”

घरघर पूर्ण काढून टाकणार नाही. ५० च्या जवळचा पट्टा थोडा खाली घेतला, बस्स. कुकर आणि सायकल हात न लावता ठेवायचे.

१५ फेब्रुवारी

आज त्या भागाची हिंदी प्रत मिळवून समोर ठेवली आणि ताईचं बोलणं ओळीओळीनं जुळवलं. उद्देश साधा होता, कुठे काय चाललंय ते कळावं म्हणजे चित्रं काढता येतील.

ताई जे सांगतेय त्यातलं बरंच पडद्यावर नाही.

सुरुवातीचं ठीक आहे. पण लांब संवाद आला की ती चक्क स्वतःचं सांगते. एके ठिकाणी प्राणी बराच वेळ आपसात बोलतात, आणि ताई ठाम स्वरात मला सांगते : “त्याची खरी आई नदीच्या पलीकडे राहते, संगमापाशी. ती रोज संध्याकाळी घाटावर येऊन बघते, मोगली येतोय का.” असं काही त्या भागात नाही. संगम नाही, घाट नाही, वाट बघणारी आई नाही. अशा चार जागा सापडल्या.

आता आमच्या कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन भेटतात, त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. लहानपणी संध्याकाळी आम्ही तिथे जायचो आणि मी पलीकडच्या झाडीकडे टक लावून बसायचे. घरच्यांना वाटायचं पोर पाण्याला भुलली. मी मोगलीच्या आईला शोधत होते. तीस वर्षं मला खात्री होती की हे सगळं ‘जंगल बुक’मध्ये आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

ताईला फोन केला. आधी तिला पटेचना की अशी कॅसेट आहे. मग तुकडा ऐकवला. बराच वेळ काही बोलली नाही.

मी म्हटलं, “ताई, हे संगमाचं तू कुठून आणलंस?”

“मला हिंदी कुठे येत होतं गं तेव्हा? पाचवीत नुकतं सुरू झालं होतं. अर्धं कळायचंच नाही. पण तू इतकी तोंडाकडे बघत बसायचीस, थांबले तर रडायचीस. मग जे सुचेल ते.”

“चार ठिकाणी आहे असं.”

“या भागात चार. बाकी किती असतील देव जाणे.”

तिचा आवाज व्हिडिओत घेऊ का, विचारलं. तिची अट एकच : आजीचं वाक्य कापायचं नाही.

व्हिडिओ काय आहे ते आता मला कळलंय. चित्रं मालिकेतली नाही काढायची. ताईनं सांगितलेली काढायची.

१९ फेब्रुवारी

निवेदनाचा पहिला खर्डा. माहितीचा भाग आटोपशीर हवा, पण हवाच, कारण ताईनं जे केलं ते या मालिकेच्या बाबतीत आधीच तीनदा झालं होतं, हे मला सांगायचंय.

किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, वडील तिथे शिकवत. त्याची गोष्ट घडते सिवनीच्या जंगलात, म्हणजे पेंचच्या भागात. पेंचचं जंगल काही मध्य प्रदेशात, काही आपल्या नागपूर जिल्ह्यात. ती गोष्ट जपानला गेली. निप्पॉन ॲनिमेशननं १९८९-९० मध्ये तिचे बावन्न भाग केले, आणि मूळ कथेत नसलेलं बूमरँग मोगलीच्या हातात दिलं. मग ती मुंबईत आली. गुलजारांनी शब्द लिहिले, विशाल भारद्वाजांनी चाल दिली, शेरखानला मुरूडच्या माणसाचा आवाज मिळाला. जे गाणं आपण या मालिकेचं म्हणून गुणगुणतो ते जपानी मालिकेत नव्हतंच, ते इथलं. आणि शेवटचा टप्पा कराडच्या एका खोलीत, पाचवीतल्या मुलीकडे.

प्रत्येक मुक्कामाला गोष्टीत कुणीतरी काहीतरी घातलंय. माझ्या बालपणीच्या ‘त्या’ मालिकेची मूळ प्रत शोधत बसले तर हाती काय लागणार? माझ्यापुरती शेवटची प्रत खरी.

(शेवटची दोन वाक्यं निवेदनात ठेवायची की नाही, ठरवायचंय. बोलून बघते.)

२३ फेब्रुवारी, रविवार

हिशोब. चार जागा आणि शेवट मिळून ९५ सेकंद चित्र लागेल. सेकंदाला २४ फ्रेमनं २,२८० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर १,१४० चित्रं, तीन फ्रेम धरलं तर ७६०. एकटीनं, नोकरी सांभाळून, हे शक्य नाही.

ओपनटून्झमध्ये काम करतेय. जपानच्या जिब्लीसारख्या स्टुडिओनं वापरलेलं हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर २०१६ पासून कुणालाही फुकट मिळतं, याचं मला अजूनही अप्रूप आहे. एक्सशीटचा उभा तक्ता समोर आला की कामाला आपोआप शिस्त लागते : कुठलं चित्र, किती फ्रेम, कुठल्या थरावर.

२ मार्च, रविवार

पहिली चाचणी वाया गेली. मोगली धावतो ते बारा सेकंद, दर दोन फ्रेमला नवं चित्र, आठ दिवस राबले. बघितलं तर गुळगुळीत झालंय आणि अजिबात ओळखीचं वाटत नाही. जाहिरातीत असतं तसं.

रात्री जुन्या मालिकांचे तुकडे फ्रेम फ्रेम पुढे ढकलत बसले, आणि मग उलगडलं. त्या काळच्या जपानी मालिकेत धावणं म्हणजे सहा-आठ चित्रांचं चक्र, तेच तेच फिरतं, आणि मागची झाडी सरकते. बोलताना अख्खा देह स्थिर, फक्त तोंड हलतं. रागाच्या क्षणी तर काहीच हलत नाही, एक चित्र धरून ठेवतात आणि कॅमेरा हळूहळू चेहऱ्यावर जातो. हे काटकसरीतून आलंय. १ जानेवारी १९६३ ला जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुकांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका सुरू झाली, दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, माणसं आणि पैसा तुटपुंजा. त्यांनी चित्रं कमी केली, एकदा काढलेली पुन्हा वापरली, आणि गोष्ट, आवाज, संगीत यांच्यावर भार टाकला.

म्हणजे त्या मालिकांची घडणच अशी की चित्र थांबतं आणि आवाज पुढे जातो. ताईला बोलायला जागा मिळाली ती त्या थांबलेल्या चित्रांमुळे. सलग हलणारं काही असतं तर मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नसतं.

बारा सेकंद फेकले. आठ चित्रांचं नवं चक्र काढायला घेतलं.

९ मार्च

तोंडाचा प्रश्न. जपानी पद्धतीत तोंडाची तीन चित्रं पुरतात : बंद, अर्धवट, उघडं. त्यामुळेच कुठल्याही भाषेत डबिंग बसवायला सोपं जातं, तरी वाक्य तेवढ्याच सेकंदांत मावावं लागतं. डबिंग कलाकारांचं खरं कसब तिथे लागतं, आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं क्वचितच दिसायची.

माझ्या चित्रांत मोगलीचं तोंड ताईच्या शब्दांवर हलवून पाहिलं. वाईट दिसलं. ताई त्याच्या वतीनं बोलत नाहीये, ती मला सांगतेय. “तो म्हणतोय” असं सुरू होणाऱ्या वाक्यावर त्याचे ओठ कसे हलतील? तोंडं बंदच ठेवायची. तिची वाक्यं सगळी थांबलेल्या चित्रांवर.

१४ मार्च

धुळवड. काम नाही. हाताला रंग.

२२ मार्च, शनिवार

निवेदन रेकॉर्ड केलं, कपाटात डोकं घालून, मागे गोधडी टांगून. ३९ मिनिटांतली ११ ठेवली.

आजीचं वाक्य कुठे बसवायचं यावर दोन संध्याकाळी गेल्या. आधी शेवटाकडे ठेवलं होतं. तिथे ते रडवण्यासाठी आणल्यासारखं झालं. आता जिथे मूळ टेपवर आहे तिथेच आहे, मधेच, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये. त्या वाक्याला चित्र नाही. पडदा काळा ठेवून फक्त अक्षरं.

३० मार्च, पाडवा

ताई आणि भाचा सणाला पुण्यात. गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि तिला हेडफोन देऊन बसवलं. संगमाचं दृश्य पूर्ण झालंय : पलीकडचा काठ, पायऱ्या, पाठमोरी बाई, डोक्यावर पदर. एकूण सात चित्रं, त्यातली चार पाण्याची. बाई हलत नाही. पाणी हलतं.

ताई म्हणाली, “हिरवं लुगडं का?”

“तूच म्हणाली होतीस.”

“कधी?”

टेपवर नाही ते. शोधलं, कुठेच नाही. पण माझ्या डोक्यात ते हिरवंच आहे, काठ पिवळा.

भाचा शेजारी बसून सगळं ऐकत होता. तो हिंदी आमच्यापेक्षा फाडफाड बोलतो, चॅनेलवरच्या कार्टून्समधून शिकलाय, घरात पाणी मागतानाही मधेच हिंदीत घुसतो. त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्यानं आईला विचारलं, “मग तू मला का नाही सांगितलंस असं?” ताई म्हणाली, “तुला सगळं कळत होतं रे.” तो म्हणाला, “तरी.”

३ एप्रिल

शेवट राहिला होता.

टेपवर शेवट नाही. भाग रंगात आलाय, शेरखान जवळ आलाय, ताई पुन्हा बोलायला लागलीय : “आणि मग मोगली त्याला म्हण...” आणि तिचा आवाज एकदम वर चढतो, चिमणीसारखा बारीक होतो आणि संपतो. अर्ध्या सेकंदाची शांतता. मग अभंग, ओळीच्या मधूनच.

आधी वाटलं टेप चुरगळलीय. पण नाही. वीज गेली होती. मोटर मंदावत थांबली, त्यामुळे तेवढे शब्द टेपवर दाटीनं नोंदले गेले, आणि आता नेहमीच्या वेगानं लावल्यावर ते वर चढल्यासारखे ऐकू येतात. शांतताही तिथलीच : पुसणारं हेड आधी आणि लिहिणारं हेड नंतर, त्यामुळे दोघांमधला तुकडा पुसला गेला पण कोरा राहिला. त्यापुढे जुना अभंग जसाच्या तसा.

टीव्हीही तेव्हाच बंद पडला असणार. म्हणजे त्या दिवशी या भागाचा शेवट आमच्यापैकी कुणीच पाहिला नाही. पण मला तो आठवतो. मोगली शेरखानला म्हणतो, “तू पण ये आमच्यात,” आणि शेरखान मान फिरवतो, नदीत उतरतो आणि पोहत पलीकडे जातो. हिंदी प्रत तपासली. तिथे असं काही नाही.

ताईला फोन केला. तिला नाही आठवत. “लाइट गेल्यावर सांगितलं असेल काहीतरी. तू रडत असशील.”

५ एप्रिल, शनिवार

शेवट काढून झाला. एकवीस चित्रं. सगळ्या व्हिडिओची मिळून २१४. वाघाच्या पोहण्याला सहा चित्रांचं चक्र पुरलं, फक्त डोकं पाण्यावर, मागे दोन रेघा.

आवाजाचा प्रश्न उरला. ताईचं ते वाक्य आजच्या आवाजात पुरं करून घ्यावं का? तिनं पाठवलंही, दोन वेळा म्हणून. छान म्हटलंय. लावून पाहिलं आणि काढलं. चिमणीसारखा चढलेला आवाज, कोरा तुकडा, आणि मग अभंग चालू राहतो, त्यावर वाघ पोहतो. अभंग कुणी गायलाय ते कॅसेटच्या फाटक्या कागदावर वाचता येत नाही, म्हणून आठ सेकंदच घेतलाय.

रेंडरला, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार व्हायला, टाकलंय. लांबी १४ मिनिटं ०९ सेकंद.

६ एप्रिल, रविवार

सकाळी नऊला टाकला. श्रेयनामावलीत पहिलं नाव ताईचं : “मराठी आवाज”. दुसरं आजीचं.

साडेनऊला बाबांचा फोन. आईनं त्यांना टीव्हीवर लावून द्यायला सांगितलं होतं, दोघांनी मिळून पाहिला. बाबा म्हणाले, “वीज गेली ना, तो फॉल्ट ओगलेवाडीकडचा असणार. तेव्हा तिकडचीच लाइन सारखी जायची.” मग फोन आईकडे दिला. आईला एकच विचारायचं होतं, कुकरच्या किती शिट्ट्या ऐकू आल्या ते.

सांगितलं, तीन.

“मग डाळ होती,” ती म्हणाली.